डिसेंबरातलं लग्न

१

देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर चारुताने अख्खा बाहेर ओढला आणि दिवाणखान्यातच जमिनीवर उपडा केला. वातींची पाकिटं निघाली, काडेपेट्या निघाल्या, कापराची डबी, गेल्या चार वर्षांची पंचांगं, एवढंच काय, सायकलच्या कुलपाच्या दोन सुट्या किल्ल्याही निघाल्या. निळी फाइल काही निघाली नाही.

"इथेच होती हो मंजूषाताई. लग्नाचे, व्हिसाचे, सगळे जुने कागद त्यातच. मी दुसरीकडे ठेवतच नाही."

मंजूषा रेगे सोफ्याच्या कडेवर बसून हा पसारा बघत होती. बाई अठ्ठावन्न वर्षांची, त्यातली एकतीस वर्षं नेदरलँडमधल्या कापेल आन डेन आयसेल या गावात काढलेली. शपथबद्ध भाषांतरकार. मराठी जन्मदाखले, लग्नाचे दाखले डचमध्ये करायचे आणि खाली सही-शिक्का ठोकायचा, हा धंदा. जीभ फटकळ, पण कामात एक अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायची नाही. आज डेल्फ्टच्या नोटरीने तिला बोलावलं होतं. दुपारी नोटरीकडे बैठक होती, चारुताच्या सासूबाईंना दुभाषी हवी होती, आणि त्याआधी घरातून लग्नाचे मूळ कागद घेऊन यायचे होते.

चारुताचा नवरा यशोधन जाऊन सतरा दिवस झाले होते. सकाळी सायकलवरून स्टेशनकडे निघाला, पुलावर छातीत कळ आली आणि संपलं. अडतिसावं चालू होतं. नोव्हेंबरच्या त्या गारठ्यात चारुता अजून त्याचाच स्वेटर घालून घरात वावरत होती.

"शोध बाळ, सापडेल," सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाल्या. सुहासिनीबाई मुलगा जायच्या पंधरा दिवस आधीच पुण्याहून त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. आवाज लोण्यासारखा मऊ. "तुझं डोकं तरी कुठे ठिकाणावर आहे सध्या."

"अहो पण कशाला हवीय ती फाइल?" दीर उल्हास वैतागून म्हणाला. तो टिलबर्गला गोदामांच्या कंपनीत होता आणि भाऊ गेल्यापासून इथेच मुक्कामाला होता. "लग्नाचा दाखला खेमेन्तेत लागलेला आहे. नगरपालिकेत एकदा नोंद झाली की झाली. घरातले कागद कोण विचारतो?"

मंजूषाने पसाऱ्यातली एक चपटी डबी उचलून उघडली. आत चारुताच्या पाटल्या होत्या, चांगल्या जाडजूड, सोन्याच्या.

"ही याच ड्रॉवरमध्ये होती?"

"हो. फाइलच्या खालीच."

मंजूषाने डबी मिटली. सोनं ठेवून कागद नेणारा चोर तिने एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.

२

नोटरी फेर्मेरबाईंनी मृत्युपत्र वाचायला सुरुवात केली तेव्हा चारुता मान खाली घालून बसली होती. मृत्युपत्र आहे हेच तिला माहीत नव्हतं. यशोधनने दोन वर्षांपूर्वी ते करून ठेवलं होतं, आणि त्यात सगळं उल्हासच्या नावावर होतं. बायकोचा उल्लेख एकाच ओळीत होता, तिला वारस नेमत नाही असा.

"असं कसं होईल? घराचे हप्ते आम्ही दोघं भरतोय," चारुता डच सोडून इंग्रजीत म्हणाली.

फेर्मेरबाई बिचाऱ्या सावकाश समजावून सांगू लागल्या आणि मंजूषा त्याचं मराठी सासूबाईंच्या कानाशी करत गेली. लग्नानंतरचा पहिला संसार नेदरलँडमध्ये, म्हणून कायदा इथला. या देशात एक जानेवारी दोन हजार अठराच्या आधी लग्न झालं असेल आणि वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोचं सगळं एक, आधीचं घरसुद्धा निम्मं निम्मं. त्या तारखेनंतर लग्न झालं असेल तर ज्याचं आधीचं त्याचं. घर यशोधनने दोन हजार सोळात एकट्याच्या नावावर घेतलेलं. खेमेन्तेत लग्नाची तारीख अकरा फेब्रुवारी दोन हजार अठरा. म्हणजे घर पूर्ण त्याचं, आणि आता उल्हासचं. भरलेल्या हप्त्यांचा हक्क फार तर पैशात सांगता येईल, घरावर नाही.

"मग मी?"

"विधवेला सहा महिने त्या घरात राहण्याचा हक्क आहे, तो कोणी काढून घेऊ शकत नाही. त्यापुढे हयातभर वापराचा हक्क मागता येतो. पण घराशिवाय तुमचं भागणारच नाही असं दिसलं पाहिजे. तुम्ही आइंडहोवनला चिपच्या कंपनीत इंजिनिअर आहात. न्यायाधीश पगार बघतील."

चारुता रडली नाही. मंजूषाचं लक्ष मात्र सुहासिनीबाईंकडे होतं. पोटच्या पोराने सुनेला घराबाहेर काढल्याचं ऐकून एखादी आई निदान चमकली तरी असती. या बाईंनी नुसती मान हलवली आणि चारुताच्या पाठीवरून हात फिरवला.

"सहा महिने खूप झाले बाळ. मला सासरच्यांनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं होतं, दोन पोरांसकट. घर दिरांच्या नावावर, मी कोण? आणि तुला तर नोकरी आहे."

हे असं प्रेमाने म्हणाल्या त्या.

बाहेर पडल्यावर उल्हास आणि सुहासिनीबाई पुढे गेले. मंजूषा चारुताबरोबर कालव्याच्या कडेने मागे चालत राहिली.

"त्या निळ्या फाइलमध्ये नक्की काय काय होतं गं? आठवून सांग."

"काही विशेष नाही हो. फेब्रुवारीच्या दाखल्याची प्रत, पासपोर्टच्या झेरॉक्स, आणि ते व्हिसासाठीचं रजिस्ट्रेशन."

"कसलं रजिस्ट्रेशन?"

"आपल्याकडे सगळेच करतात ते. लग्नाचा मुहूर्त फेब्रुवारीतला, आणि व्हिसाला दोन महिने लागणार. मग आधीच त्यांच्या गावच्या नगरपरिषदेत उरकून घेतलं. दोन हार, एक फोटो. रजिस्ट्रार ऐकेना म्हणून गुरुजींनी होम पेटवून पंधरा मिनिटांत सात पावलंही चालवली. ते काही लग्न नव्हतं हो. हळद नाही, पंगत नाही, माझी आजीसुद्धा नव्हती. नुसते कागद केले."

मंजूषा चालायची थांबली.

"कधी केले?"

"डिसेंबरात. अठरा डिसेंबर," चारुता म्हणाली. "दोन हजार सतरा."

३

घरी आल्याआल्या मंजूषा कोट न काढताच माळ्यावर चढली.

"अगं जेवून तरी घे," तिचा नवरा शशिकांत खालून ओरडला. "काय आग लागलीय का?"

"लागलीच आहे!"

चारुताने 'सगळेच करतात' म्हटलं ते खोटं नव्हतं. पुण्या-मुंबईहून इथे येणाऱ्या निम्म्या जोडप्यांचे असे दोन-दोन दाखले असतात. एक व्हिसाचा, एक खऱ्या लग्नाचा. वाढदिवस साजरा होतो तो दुसऱ्याचा. पहिला कागद कोणी लग्न म्हणून मोजतच नाही, आईबाप नाहीत, नवरा-बायको नाहीत. पण कायद्याला हळद कळत नाही. कायद्याच्या लेखी चारुता अठरा डिसेंबरलाच यशोधनची बायको झाली होती, आणि एक जानेवारी तिथून चौदा दिवसांवर होती. निम्मं घर तिचं होतं!

दाखल्याची नक्कल नगरपरिषदेतून कोणालाही मागवता येते. ज्याची नक्कल मिळते तो कागद कोणी चोरत नाही. चोराला कागद लपवायचा नव्हता. असा कागद आहे हेच कोणाच्या ध्यानात येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. चारुताच्या तर ध्यानात आलंच नव्हतं. फाइल डोळ्यांसमोर पडून राहिली असती तर आज नोटरीने तो दाखला उलगडला असता.

आणि इथे मराठीचे शपथबद्ध भाषांतरकार असून असून किती? दोन हजार अठरात यशोधनला दाखला डचमध्ये करून घ्यायचा होता, तर तो कोणाकडे गेला असेल?

मंजूषा केलेल्या प्रत्येक कामाची प्रत ठेवते, मूळ कागदाची झेरॉक्स टाचून. जानेवारी दोन हजार अठराचा गठ्ठा तिने सोडला. नवव्या कागदावर हात थांबला. विवाह दिनांक अठरा डिसेंबर दोन हजार सतरा. वर यशोधन, वधू चारुता. साक्षीदार तीन: चारुताचे वडील, वराची आई सुहासिनी आणि वराचा मित्र रुचिर.

समासात तिच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'ग्राहक न्यायला आला नाही. मार्चमध्ये दुसरा दाखला घेऊन आला. म्हणाला, हाच करा, आधीचा फाडून टाका.'

आठवलं. उंच, चष्मेवाला, अदबीने बोलणारा मुलगा. काम वाया गेलं म्हणून ती त्याच्यावर चिडलीही होती, आणि तो हसून सॉरी म्हणाला होता. फेब्रुवारीचा दाखला तिने निमूट करून दिला. तोच आज खेमेन्तेत लागलेला होता, आणि त्याच्या खाली सही होती मंजूषा रेगेची.

म्हणजे बायको विमानातून उतरली न उतरली, तोच नवऱ्याने तिला घरातून कागदावर बाहेर काढलं होतं. त्याचाच स्वेटर घालून ती पोरगी आज बसली होती.

मंजूषा तशीच खाली बसली. हे चारुताला सांगायचं कोणत्या तोंडाने? तूर्त नाही, तिने ठरवलं. आधी चोर.

कारण चोर सापडणं भाग होतं. दाखल्यावरचे साक्षीदार तीन. चारुताचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. उरले सुहासिनीबाई आणि रुचिर. त्यांच्यातलाच कोणी चोर असला तर तो उद्या कोर्टात हात वर करून सांगेल की ते लग्न वगैरे नव्हतं, नुसती व्हिसासाठी धूळफेक होती. आणि चारुता स्वतःसुद्धा तेच सांगत हिंडत होती.

४

उल्हासला तिने शनिवारी टिलबर्गला गाठलं. तो कपडे आणायला आपल्या भाड्याच्या फ्लॅटवर गेला होता. भिंतींवर काही नाही, खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या.

"माझ्यावरच संशय असणार तुमचा, ताई. घर मला मिळतंय ना!" तो म्हणाला. "घ्या संशय. पण मला त्या फाइलमध्ये काय होतं तेच माहीत नाही."

"तुमचं स्वतःचं घर होतं ना इथे?"

"होतं. माझं लग्न चौदा सालचं. घटस्फोट झाला तेव्हा निम्मं घर गेलं. मिक्सरसुद्धा कोणी घ्यायचा यावर वकील बसले होते." तो कडवट हसला. "तेव्हाच कळला ना मला हा कायदा. नवीन कायदा लागला त्या जानेवारीत मी घरच्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, यश्या, तू नशीबवान आहेस, तुझं लग्न फेब्रुवारीत. तो म्हणाला, म्हणजे सुटलो. आई म्हणाली, अरे पण..."

"पण काय?"

"पुढे काही बोललीच नाही. नेटवर्क गेलं बहुतेक."

"तुम्ही लग्नाला होतात?"

"फेब्रुवारीत होतो ना. व्हिसाचं काय ते कंपनी बघत होती." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुम्ही त्या रुचिरला विचारा. रोज संध्याकाळी हजर, देव्हाऱ्यात दिवा लावायला. भावाचा मित्र म्हणे. मित्र गेल्यावर एवढा पाय कशाला ओढतो इकडे?"

"बायकोवर राग आहे तुमचा, तो चारुतावर काढू नका," मंजूषा म्हणाली आणि उठली.

रुचिर तिला डेल्फ्ट स्टेशनवर भेटला. सडपातळ, थकलेला माणूस, रॉटरडॅमला एका बँकेत प्रोग्रामर. डिसेंबरचा विषय काढताच त्याने कबूल केलं. "हो, मी साक्षीदार होतो. सही केली, वडापाव खाल्ला आणि पुण्याला परत. का?"

"कोर्टात सांगाल?"

"सांगेन की. घडलं ते घडलं."

"देव्हाऱ्याशी तुमचा काय संबंध?"

"घरात सुतक ना, ताई. काकू फार कडक. तेरा दिवस घरच्यांनी देवाला शिवायचं नाही. पण देव बिनदिव्याचे राहायला नकोत, म्हणून मला म्हणाल्या, तू भाऊबंदातला नाहीस, तू येऊन दिवा लावत जा. ऑफिस सुटलं की यायचो, ड्रॉवरमधून वात काढायची, दिवा लावायचा."

"फाइल पाहिली होतीत?"

"रोजच. निळी, जाडी. वाती तिच्याखाली असायच्या, पाकीट ओढून काढावं लागायचं." तो थांबला. "शेवटी शेवटी नाही लागलं ओढायला. शुक्रवारी पाकीट हाताला लगेच लागलं, ते मला आठवतंय."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी मी आलोच नव्हतो. रेल्वेचा संप होता. रॉटरडॅमहून सायकल मारण्याचं त्राण नव्हतं अंगात. चारुताला मेसेज टाकला तसा."

मंजूषा तिथून चालत चारुताच्या घरी गेली. चारुता पेशंटसारखी वर झोपून होती. सुहासिनीबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या.

"बसा ना. चहा टाकू?"

"नको. मला एवढंच सांगा, सुतकात त्या ड्रॉवरला कोणी हात लावला?"

"शिव शिव! सुतकात देवाकडे फिरकायचं नसतं, हे तुम्हाला मी सांगायचं? चारुता शिवली नाही, उल्हास नाही. मी तर समोरून जातानाही लांबून जायचे. तो रुचिर काय तो उघडायचा."

"अकराव्या दिवशी, गुरुवारी, चारुता आणि उल्हास दुपारभर खेमेन्तेत गेले होते. परत आले तेव्हा दिवा लागलेला होता का?"

"होता ना. विचारा त्यांना. मी पूर्ण तेरा दिवस देवाला अंधारात राहू दिलं नाही."

"कोणी लावला?"

"रुचिरने," सुहासिनीबाई म्हणाल्या. पालकाचं देठ त्यांनी मोडलं. "पाचच्या सुमाराला आला, लावून गेला."

५

रविवारी सकाळी मंजूषाने चौघांना दिवाणखान्यात बसवलं. रुचिर दाराशी, उल्हास सोफ्यावर, सुहासिनीबाई त्यांच्या खुर्चीत. चारुता जमिनीवर, भिंतीला टेकून.

आधी तिने डिसेंबरच्या दाखल्याची झेरॉक्स मधल्या टेबलावर ठेवली आणि कायदा पुन्हा एकदा सांगितला, मराठीत, कोणालाही कळेल असा. उल्हासच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"निम्मं तिचं?"

"निम्मं तिचं. पहिल्या दिवसापासून. म्हणूनच फाइल गेली. आता कोणी नेली ते बघू. बुधवारी संध्याकाळी रुचिरने ती पाहिली. शुक्रवारी वातींवरचं ओझं गेलेलं होतं. म्हणजे गुरुवार. गुरुवारी दोन ते सव्वासहा चारुता आणि उल्हास बरोबर होते, खेमेन्तेत. घरी कोण होतं?"

"रुचिर आला होता," सुहासिनीबाई शांतपणे म्हणाल्या.

"चारुता, फोन उघड. गुरुवारचा रुचिरचा मेसेज शोध."

चारुताने फोन हातात घेतला. सांत्वनाचे दीडशे मेसेज तसेच न वाचता पडले होते. तिला खाली सरकत जायला वेळ लागला. मग तिने वाचून दाखवलं: "'संप आहे, ट्रेन नाही. आज येणं जमत नाही. काकूंना सांग, दिव्याचं बघा.'" तिने मान वर केली. "चार वाजून दहा मिनिटं. पण आम्ही आलो तेव्हा दिवा लागलेला होता."

"होता. आणि घरात एकच माणूस होतं," मंजूषा म्हणाली. "सुहासिनीबाई, तुम्हाला दिवा लावायचा नव्हताच. तुम्ही फाइल काढायला ड्रॉवर उघडलात. बाहेर अंधारून आलं होतं, हाताला वाती लागल्या, समोर देव काळोखात. पन्नास वर्षं तिन्हीसांजेला दिवा लावणारी बाई तुम्ही. हात आपोआप गेला असेल. मग हे दोघं आले, दिवा पाहिला, आणि सुतकात देवाला शिवल्याची तुम्हाला लाज वाटली. म्हणून रुचिरचं नाव घेतलंत. फाइलसाठी नाही, दिव्यासाठी खोटं बोललात. ते खोटं बोलल्या नसतात तर मला काही सापडलं नसतं."

सुहासिनीबाईंनी पदर सावरला.

"हो, मी नेली. तुकडे करून भाजीच्या सालींबरोबर टाकली."

"आई!" उल्हास उठून उभा राहिला. "अगं निदान मला तरी सांगायचंस!"

"तुला काय सांगायचं? तुझं घर तुझ्या बायकोने नेलं आणि तू बघत बसलास. नवरा गेला तेव्हा दोन पोरं आणि एक ट्रंक घेऊन मी रस्त्यावर उभी होते. तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरांच्या घराला बाहेरचीचा हात लागू द्यायचा नाही."

"तुम्हीही विधवाच होतात," रुचिर म्हणाला. "तुम्हाला कळायला हवं होतं."

"मला कळतंय म्हणूनच केलं. मला कोणी दिलं का काही?"

चारुता उठली. "आई, मी तुम्हाला रोज पाणी तापवून देत होते. तुम्ही माझे केस विंचरत होतात. तुम्ही माझ्याकडून सगळं काढून घेत होतात आणि केस विंचरत होतात! यशोधनला हे कळलं असतं ना, तर त्याने तुमचं तोंड बघितलं नसतं."

सुहासिनीबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या. मंजूषाला ते हसू पाहून पुढचं कळलं.

"यशोधनला? बाळ, मला डच येत नाही. मी कधी त्या खेमेन्तेची पायरी चढले नाही. फेब्रुवारीचा कागद तिथे नेऊन कोणी दिला? मृत्युपत्र कोणी केलं? ते जाऊ दे. या बाईंना विचार. त्यांची सही आहे त्याच्यावर. यशोने मला तेव्हाच सांगितलं होतं, एका रेगेबाईंकडून करून घेतलंय म्हणून."

चारुता वळली. "ताई?"

मंजूषाने समासातली ओळ वाचून दाखवली. 'हाच करा, आधीचा फाडून टाका.'

"तो स्वतः आला होता?"

"स्वतः. मार्चच्या सहा तारखेला."

"दोन मार्चला मी आले होते इथे," चारुता म्हणाली. "सहा तारखेला मी त्याच्यासाठी पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या होत्या. तो उशिरा आला. म्हणाला, ऑफिसात काम होतं."

तिने टेबलावरची झेरॉक्स उचलून पाहिली. मग म्हणाली, "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"बुधवारपासून."

"चार दिवस मी त्याच्यासाठी रडले. तुम्ही बघत होतात."

चारुताने स्वेटर डोक्यावरून काढला आणि सासूच्या मांडीवर टाकला.

६

सहा आठवड्यांनी नगरपरिषदेची प्रमाणित नक्कल आली. रुचिरने जबानी लिहून दिली, उल्हासने आईविरुद्ध एक अवाक्षर न काढता तारीख मान्य केली. फेर्मेरबाईंनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. निम्मं घर चारुताचं, उरलेलं निम्मं मृत्युपत्राप्रमाणे उल्हासचं. सुहासिनीबाईंचा व्हिसा संपायला आठवडा राहिला होता. त्या काळी शाल गुंडाळून मंजूषाच्या शेजारी बसल्या, कारण दुभाषी तीच होती.

"ताई, हिला सांगा," उल्हास मंजूषाला म्हणाला, चारुताकडे न बघता. "तिने राहावं घरात. हवं तितकं. मी काही मागणार नाही. तिचा हिस्सा विकत घ्यायला बँक मला दारात उभं करणार नाही, आणि मला तिला बाहेर काढायचं नाहीये. झालं ते फार झालं."

सुहासिनीबाईंनी पटकन चारुताचा हात धरला. "बघ, उल्हास चांगला आहे गं. तुम्ही दोघं मिळून ठेवा घर. यशोचं घर आहे ते. घरातल्या घरात राहू दे."

चारुताने हात सोडवून घेतला. रागाने नाही, टेबलावरचं पेन घ्यायचं होतं म्हणून. मग ती फेर्मेरबाईंशी डचमध्ये बोलली. दोनच वाक्यं. सात वर्षांत तिने डच चांगलं कमावलं होतं.

उल्हासने डोळे मिटले. फेर्मेरबाईंनी विचारलं, पक्कं ना? चारुता म्हणाली, पक्कं. मग फेर्मेरबाईंनी एक कागद पुढे सरकवला आणि त्यातली कलमं वाचायला लागल्या.

"काय म्हणाली ती?" सुहासिनीबाई मंजूषाच्या दंडाला धरून विचारू लागल्या. "काय म्हणाली? राहते म्हणाली ना?"

मंजूषाने शपथ घेतलेली होती. बोललेलं सगळं सांगायचं, गाळायचं नाही, मऊ करायचं नाही.

"ती म्हणाली, सामाईक मालकीत राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, म्हणून मी वाटणी मागते. घर बाजारात काढा."

"बाजारात? म्हणजे परक्याला?"

"जो जास्त देईल त्याला."

"नाही. नाही गं, चारुता! तुला घर हवं होतं ना? घे ना, राहा ना! मी पाया पडते तुझ्या. मी परत येत नाही इकडे कधी. पण विकू नकोस, माझ्या यशोची एवढीच..."

"मला घर हवं होतं, आई," चारुता मराठीत म्हणाली. तिने सही केली, आणि खाली तारीख घातली. "यशोधनचं असताना."

फेर्मेरबाई पुढचं कलम वाचत होत्या. फर्निचर, पडदे, भिंतींवरच्या तसबिरी, देव्हाऱ्यासकट रिकामं करून द्यायचं, किल्ल्या एजंटकडे, फोटो काढायला माणूस मंगळवारी येईल. मंजूषा एकेक ओळ सुहासिनीबाईंच्या कानाशी मराठी करत गेली.

"पुरे," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "पुरे करा हो, मला ऐकायचं नाही."

अजून चार कलमं होती. मंजूषाने ती शेवटपर्यंत वाचून दाखवली, जरा मोठ्या आवाजात.